जळगावच्या कर्करोग परिषदेच्या संयोजकांना खुलं पत्र : आधी फॉर्मॅलिनचं बोला

प्रति,
संयोजन समिती,
कर्करोगातील प्रिसिजन मेडिसिनवर जळगावात भरणारी परिषद

विषय : दुसऱ्या दिवशीचं खुलं सत्र रद्द केल्याबाबत

सन्माननीय डॉक्टर मंडळी,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या परिषदेचं पहिलं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं तेव्हा आम्हा लॅबवाल्यांच्या ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते पाच असं एक सत्र त्यात होतं. लॅब टेक्निशियन, ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी, मराठीतून, प्रवेश फी नाही. चोपडा, साक्री, शहादा इथल्या पोरांनी रजा टाकल्या. एकाने तर मालकाशी हुज्जत घालून टाकली. मग सुधारित पत्रक आलं. त्या तीन तासांच्या जागी आता एका कंपनीचं जेवणासोबतचं व्याख्यान आहे, विषय त्यांच्याच जनुक तपासणीचं पॅनेल, आणि त्यानंतर समारोप. मी फोन केला. पलीकडून अगदी नम्रपणे सांगण्यात आलं की वेळ बसत नाही, आणि तसंही ते सत्र काही वैज्ञानिक नव्हतं.

वेळ बसत नाही, हे समजू शकतो. दुसरं वाक्य मात्र पचलं नाही. तुमच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमात विज्ञानाला सगळ्यात जवळचं सत्र तेच होतं, असं माझं म्हणणं आहे. ते तुमच्यापुरतं न ठेवता चार लोकांसमोर मांडावं, म्हणून हे पत्र खुलं.

मी अमळनेर तालुक्यात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा झाल्यापासून हेच काम. रक्त-लघवी चालूच असते, पण माझा निम्मा दिवस हिस्टोमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या कामात जातो. बरणीतून तुकडा काढायचा, पॅथॉलॉजिस्ट मॅडम ग्रॉसिंग, म्हणजे तुकडा पाहून कापण्याचं काम करत असताना शेजारी उभं राहून कॅसेटवर नंबर टाकायचा, रात्रभर प्रोसेसिंगला लावायचं, सकाळी मेणाचे ब्लॉक ओतायचे, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनच्या पट्ट्या कापून कोमट पाण्यावरून स्लाईडवर उचलायच्या. तुम्ही ज्या अहवालांवरून औषध ठरवता, त्यांची सुरुवात आमच्या टेबलावर होते. त्याच्याही आधी होते ती थिएटरमधल्या फॉर्मॅलिनच्या बरणीत. फॉर्मॅलिन म्हणजे काढलेला तुकडा सडू नये म्हणून ज्यात बुडवतात ते द्रावण. या पत्राचा सगळा जीव त्या बरणीत आहे.

आधी एक स्पष्ट करतो. प्रिसिजन मेडिसिन, म्हणजे गाठीतला नेमका बिघाड शोधून त्यावरच औषध देणं, हे श्रीमंतांचे लाड, खेड्यातल्या माणसाला त्याचं काय, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये आलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल नावाचा एकच बिघाड पेशींना पिसाळवतो, आणि ही गोळी नेमका तोच अडवते. त्याच औषधाच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात चालला, १ एप्रिल २०१३ ला कंपनीच्या विरोधात निकाल लागला, आणि देशी गोळ्यांची वाट मोकळी राहिली. आमच्याकडे दर काही महिन्यांनी रक्त द्यायला येणारा एक केळीवाला शेतकरी आहे. रोज एक गोळी घेतो आणि पहाटे बागेत पाणी धरायला जातो. त्याला प्रिसिजन मेडिसिन हा शब्दही ठाऊक नाही. नेक्सकार१९ हे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडणारं देशी सीएआर-टी औषध आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभं राहिलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, याचा मलाही अभिमान आहे. सीएआर-टीवर तुम्ही दीड तास ठेवलाय, खुशाल ठेवा.

पण या सगळ्याची पहिली अट एकच आहे. तपासायला जो तुकडा येतो, तो तपासण्याजोगा असला पाहिजे. बियाणंच बोगस निघालं तर ठिबक कितीही भारी कंपनीचं अंथरा, शेतात काय उगवणार?

आता आमच्याकडे काय येतं ते सांगतो. कुणावर ठपका ठेवायला नाही, माहिती म्हणून.

लहान तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ येते. आत घालताना ती मऊ असते, फॉर्मॅलिनमध्ये कडक होते, मग बाहेर निघत नाही. बाटली कापावी लागते. बायोप्सीचा तुकडा नुसत्या सलाइनमध्ये येतो, कारण त्या दिवशी फॉर्मॅलिन संपलेलं असतं. फॉर्मॅलिन असलं तरी ते कधीचं, कुणी बनवलेलं, याचा पत्ता नसतो. दहा टक्के म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, त्यात बफरचे, म्हणजे द्रावण आंबट होऊ न देणारे क्षार. पुष्कळ ठिकाणी बफर घालतच नाहीत. असं फॉर्मॅलिन पडून राहिलं की आंबट होतं, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, स्लाईडवर तपकिरी डाग दिसतात आणि आतला डीएनए तुटतो. तुकड्याच्या दहापट द्रव हवा, इथे गाठ जेमतेम बुडालेली असते. बरणीवर बॉलपेनने लिहिलेलं नाव सांडलेल्या फॉर्मॅलिनने पुसून जातं. पेन्सिलने लिहिलं तर टिकतं. ही एवढी गोष्ट सांगायला कुठली फेलोशिप लागते?

हाडाचा तुकडा आला की तो मऊ करायला कुणी नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकतं. काम लवकर होतं, पण त्या तुकड्यावर पुढे जनुकांची तपासणी करायची म्हटली तर हाती काही लागत नाही. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरलं तर वेळ जातो, पण डीएनए बराच वाचतो. फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात आपल्याकडे पाव ते एक तृतीयांश रुग्णांत ईजीएफआर या जनुकातला बदल सापडतो. तो सापडला तर गोळीवर उपचार होतो. एखाद्याचा रोग हाडात पसरलेला असेल आणि तुकडा तिथूनच घेतला असेल, तर त्याला ती गोळी मिळणार की नाही हे कोणत्या बाटलीला हात गेला त्यावर ठरतं.

लिक्विड बायोप्सीने, म्हणजे रक्तातच गाठीचा डीएनए शोधण्याने, ही कटकटच मिटेल, असं तुमच्यातले काही जण म्हणतील. पहिल्याच सकाळी त्यावर व्याख्यानही आहे. रक्त साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतलं आणि काही तासांत फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए गाठीच्या डीएनएत मिसळतो आणि जे शोधायचं ते बुडून जातं. त्यासाठी वेगळी ट्यूब मिळते, ती महाग असते. सातपुड्यातल्या धडगावहून निघालेलं रक्त मोठ्या लॅबच्या सेंट्रिफ्यूजपर्यंत किती वाजता पोचेल, याचा हिशोब व्याख्यात्यांनी एकदा मांडून दाखवावा.

आता माझ्या घरचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

माझी मोठी बहीण पारोळा तालुक्यात दिलेली आहे. शेतात राबणारी बाई. स्तनात गाठ लागली. सुईची तपासणी म्हणजे एफएनएसी झाली आणि कर्करोग म्हणून कळलं. कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, कुणी केलं नाही. नातेवाइकांनी ठरवलेल्या एका रुग्णालयात शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन झालं. काढलेला स्तन आहे तसा, न कापता, बादलीतल्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला गेला. रविवारी लॅब बंद. सोमवारी दुपारी तो पोचला. फॉर्मॅलिन मांसात तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, चरबीत त्याहून सावकाश. गाठ आत खोल होती. तिच्यापर्यंत फॉर्मॅलिन पोचेस्तोवर ती सडायला लागली होती.

मला हे नंतर कळलं, ब्लॉक माझ्या हातात आला तेव्हा. मुंबईला पाठवण्याआधी मी त्याची एक पट्टी कापली. चांगला ब्लॉक ब्लेडखाली फितीसारखा सुटतो. हा मधोमध भुसभुशीत झाला होता, पट्टी फाटत होती. स्टेन करून पाहिलं तर वरच्या कातडीच्या पेशी स्वच्छ, एकेक केंद्रक मोजून घ्यावं अशा, आणि गाठीत सगळं पुसट, केंद्रकांच्या नुसत्या सावल्या.

हर-टू हे गाठ वाढवणारं प्रथिन. त्याचा अहवाल टू-प्लस आला. टू-प्लस म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, फिश तपासणी करून, म्हणजे जनुकाच्या प्रती चमकत्या खुणांनी मोजून सोक्षमोक्ष लावायचा. फिश दोन ठिकाणी केली. दोन्हीकडून उत्तर एकच, सिग्नल वाचता येत नाहीत, ऊती नीट टिकवलेली नाही. काखेतल्या गाठींत रोग नव्हता, देवाची कृपा म्हणायची, पण त्यामुळे दुसरीकडून तुकडा घ्यायचीही सोय उरली नाही. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोसोबत वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला अडवणारं औषध देतात. देशी ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून बाजारात आहे, पैशाची आम्ही कशीबशी तजवीज केली असती. पण पॉझिटिव्ह आहे की नाही हेच कुणाला सांगता येईना. ताई मला विचारायची, "भाऊ, रिपोर्ट काय सांगस?" रिपोर्ट काहीच सांगत नव्हता.

केमो झाली. पुढे रोग यकृतात उतरला. खान्देश एक्सप्रेसने दादर, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम, परळच्या टाटा मेमोरियलच्या चकरा, हे सगळं या भागातल्या पुष्कळ घरांना पाठ आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. यकृतातला तुकडा मुंबईत घेतला, तिथे नीट टिकवला. हर-टू थ्री-प्लस, म्हणजे स्पष्ट पॉझिटिव्ह.

पहिल्या गाठीचाही हर-टू पॉझिटिव्हच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रोग पसरताना हर-टू बदलल्याची उदाहरणं आहेत, हे मला माहीत आहे. आणि तेव्हाच ट्रास्टुझुमॅब मिळालं असतं तर रोग उलटला नसता, असंही कुणी लिहून देणार नाही. पण ते कळण्याचा मार्गच त्या बादलीत बंद झाला. ताई आज उपचारावर आहे, शेतात जात नाही, सुनेला सूचना देते. पूर्वी बरं होण्यासाठी उपचार चालला होता, आता रोग आटोक्यात ठेवण्यासाठी चालला आहे. हा फरक तुम्हाला मी काय सांगायचा.

स्तनाच्या गाठीबद्दल जगभर मान्य असलेले दंडक साधे आहेत. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावी. मोठा अवयव असेल तर पाच-दहा मिलिमीटरवर काप देऊन मगच बुडवावा. कमीत कमी सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास तो त्यात राहावा. गाठ कधी काढली आणि कधी बुडवली, या दोन्ही वेळा बरणीवर लिहाव्यात. यासाठी ना यंत्र लागतं ना परदेशी पाहुणा. एक डबा, एक पेन्सिल आणि थिएटरमधल्या सिस्टरला हे कुणीतरी मराठीत सांगितलेलं असणं, एवढंच लागतं. रद्द झालेल्या सत्रात दुसरं काय होणार होतं?

आणखी काही गोष्टी कार्यक्रमपत्रिका वाचताना खटकल्या.

सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की तोंडाच्या कर्करोगावर दोन दिवसांत एकही सत्र नाही. खान्देशात! भारतातल्या पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. आमच्याकडे गालातून, हिरडीच्या बाजूने घेतलेले तुकडे येत नाहीत असा आठवडा जात नाही, आणि माणसं तिशीतली असतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. चोपड्याच्या आणि मुक्ताईनगरच्या पलीकडे लगेच मध्य प्रदेश लागतो, नवापूरच्या पलीकडे गुजरात. बंदीचं काय होतं ते टपरीवर जाऊन बघा. हा विषय गावठी आहे, जनुकांच्या परिषदेत शोभत नाही, असं वाटलं असेल तर आठवण करून देतो. जगातल्या देशांनी कर्करोगाचे जनुकीय नकाशे वाटून घेतले, तेव्हा भारताने आपल्या वाट्याला गाल आणि हिरडीचाच कर्करोग घेतला होता, आणि त्या कामाचा शोधनिबंध २०१३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आला.

टाटा मेमोरियलचं आणखी एक काम तर तुमच्यासमोर जोरात वाचून दाखवावंसं वाटतं. निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तो परवडणारे किती? त्यांनी डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आपल्या रुग्णाच्या खिशाला आणि रोगाला, दोन्हींना बेतलेलं औषध. माझ्या मते यापेक्षा नेमकं मेडिसिन दुसरं नाही. तुमच्या पत्रिकेत निव्होलुमॅब दोनदा आलंय, या कामाचा उल्लेख एकदाही नाही. परदेशातून ऑनलाइन बोलणारे तीन पाहुणे आहेत आणि परळहून या विषयावर बोलायला कुणी नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. खान्देशात कोणता कर्करोग किती, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे आहे? राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार नाहीत. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी १९८७ पासून ग्रामीण नोंदणी चालू आहे. त्याच बार्शीच्या रुग्णालयाने उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीचा अभ्यास उभा केला. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ मध्ये तिथून जगाला कळलं. खेडी तिथलीही खेडीच आहेत. आमच्याकडे गावाला नोंदच नाही, आणि नोंद नसलेल्या रोगाला निधी कोण देणार?

तिसरी गोष्ट थोडक्यात, कारण ती माझ्या कामाची नाही, पण वाचून गप्प बसवलं नाही. पोस्टरच्या यादीत सातपुड्यातल्या आदिवासींच्या रक्तनमुन्यांवरचा एक अभ्यास आहे. अभ्यास झालाच पाहिजे. जनुकांचे जगातले साठे बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवरून भरलेले आहेत, म्हणून आपल्या माणसाच्या अहवालात 'बदल आहे, पण अर्थ सांगता येत नाही' असं वारंवार छापून येतं. पण भिल्ल, पावरा माणसाला संमतीचा कागद त्याच्या बोलीत वाचून दाखवला का? ज्याच्या रक्तात धोक्याचा बदल सापडला, त्याला कोण आणि कधी सांगणार? माझ्या भाचीने, ताईच्या मुलीने, मला विचारलं, मामा, मीपण तपासून घेऊ का? मी लॅबमध्ये काम करतो, तरी तिला कुणाकडे पाठवायचं ते मला कळेना. मोलगीच्या बाईने काय करायचं?

तंत्रज्ञांसाठी नोंदणीचा प्रकारच नाही, हेही लिहून ठेवतो. अर्जात सल्लागार, पदव्युत्तर विद्यार्थी, कंपनी प्रतिनिधी आणि 'सोबतची व्यक्ती' असे चार रकाने आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या घरच्यांना जेवणाच्या हॉलपर्यंत जागा आहे. ब्लॉक कापणाऱ्याला आत यायचं असेल तर कंपनी प्रतिनिधी व्हावं लागेल.

तर आमच्या मागण्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि ग्रुपवरच्या त्या सगळ्यांच्या, ज्यांनी हा मसुदा वाचून होकार कळवला.

रद्द केलेलं सत्र परत घ्या. तीन तास नसतील तर दोन द्या, पण कार्यक्रमाच्या वेळेत आणि मुख्य सभागृहात. रात्रीच्या जेवणानंतर, मागच्या खोलीत नको. ते मराठीतच व्हावं. शल्यचिकित्सकांनी त्याला बसावं, ही विनंती नाही, मागणी आहे, कारण बादलीत काय टाकायचं ते टेक्निशियन ठरवत नाही.

त्याच दिवशी एक पानी मराठी सूचनापत्र समितीच्या सहीने जाहीर करा आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी ऑपरेशन थिएटरला पाठवा. बफर घातलेलं दहा टक्के फॉर्मॅलिन, रुंद तोंडाची बरणी, दहापट द्रव, मोठ्या अवयवाला काप, दोन वेळांची नोंद, पेन्सिल. हाडासाठी ईडीटीए. मे महिन्यात ४५ अंशांत बंद गाडीच्या डिकीत ब्लॉक ठेवायचे नाहीत, मेण मऊ पडतं, हेही त्यात असू द्या. मसुदा आम्ही करून देतो, तुम्ही तपासा. आणि स्तनाच्या गाठीला ऑपरेशनआधी कोअर बायोप्सी झालीच पाहिजे, नुसत्या सुईवर भागवायचं नाही, हे तुमच्या संघटनांनी आपल्या सभासदांना लेखी कळवावं. शनिवारी ऑपरेशन करायचं असेल तर रविवारी ग्रॉसिंगला कोण येणार ते शुक्रवारी ठरलेलं असावं.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी खान्देशापुरतं चांगलं आयएचसी केंद्र, म्हणजे हर-टूसारखी प्रथिनं रंगवून तपासणारं केंद्र उभं राहावं, त्याला तालुक्यांतून नमुने आणायची ठरलेली गाडी असावी, असा ठराव परिषदेने करून सरकारकडे पाठवावा. प्रायोजक कंपन्या सभागृहाच्या दारात स्टॉल लावणार आहेतच. त्यांच्याकडून पिशव्या आणि पेनांऐवजी वर्षभराचे बफर आणि बरण्या मागा. त्या नाही म्हणणार नाहीत. खर्च त्यांच्या एका जेवणाइतकाही नाही.

तोंडाच्या कर्करोगाला एक पूर्ण सत्र द्या. पत्रिका छापून झाली असेल तर जास्तीचा कागद आत घाला, कुणाची हरकत नाही.

खान्देशासाठी लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू करावी, असं पत्र आयसीएमआरला परिषदेच्या व्यासपीठावरून जावं. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रं काढण्याची घोषणा झाली, पहिल्या वर्षी २००. आमच्या तीन जिल्ह्यांचं त्यात काय झालं, हे उद्घाटनाला येणाऱ्या लोकप्रतिनिधींना व्यासपीठावरच विचारा. आम्ही विचारलं तर निवेदन द्या म्हणतात. तुमच्या शेजारी ते फुलांच्या खुर्चीत बसलेले असतील.

सातपुड्यातल्या नमुन्यांच्या संमतीपत्राचा नमुना जाहीर करा, आणि निकाल त्या लोकांपर्यंत कसा पोचणार ते पोस्टरवरच लिहायला सांगा.

यातलं काय होईल आणि काय होणार नाही, ते परिषदेआधी आठ दिवस कळवावं. रजा पुन्हा टाकायला तेवढा वेळ लागतो. काहीच होणार नसेल तर तसंही स्पष्ट कळवा, म्हणजे आम्ही तीच वेळ धरून अमळनेरला आमचं सत्र घेऊ. हॉल बघून ठेवलाय, मायक्रोटोम आणि सूक्ष्मदर्शक आम्ही आणू, मॅडम शिकवायला तयार आहेत. तुमच्यातल्या कुणाला तिकडचं व्याख्यान सोडून इकडे यायचं असेल तर यावं, नोंदणी फी नाही, जेवण घरचं मिळेल.

आपला विश्वासू,
एक लॅब टेक्निशियन,
अमळनेर तालुका, जि. जळगाव